खांद्यावरचं नाव

बेला
रविवार, ५ मार्च १९८९

तीर्थरूप काका यांना विशाखाचा जयभीम.

तुम्ही पाटणबोरीला काकूंच्या माहेरी सुखरूप आहात, हे जयवंतामावशींकडून कळलं. हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

आईचा गुडघा तसाच आहे. कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या उपटायच्या राहिल्यात. मी ट्रेनिंग कॉलेजातून आठवड्याची रजा घेऊन आले आहे. भागी बरी आहे. रोज तुमच्या वाटणीची भाकर टोपल्यात झाकून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी बकरीला घालते.

रजा कशासाठी, ते लिहिताना दोन कागद फाडले. मोतीरामच्या खुनाचा खटला बुधवारी आदिलाबादच्या कोर्टात आहे. पाहिलेलं माणूस एकच, आपली भागी. खून झाला तिथेच ती बकऱ्या राखत होती. मागच्या तारखेला हैदराबादहून मुक्याबहिऱ्यांच्या शाळेतले एक मास्तर आणले होते. ते बोटांनी अक्षरं काढू लागले तर भागी हसायला लागली. मग तिने त्यांना चहा घेता का, असं विचारलं. ते त्यांना कळलं नाही. मास्तर भले माणूस. जजसाहेबांना म्हणाले, "हिची भाषा हिच्या घरात झालेली आहे. घरच्यालाच विचारा." म्हणून तिच्या बहिणीला, मला, बोलावणं आलं. शपथ घेऊन तिच्या खुणा तोंडाने सांगायच्या.

खून झाला तेव्हा मी गावात नव्हते, हे तुम्हाला माहीत आहे. ठाण्यातल्या साहेबांनी हातवारे करून विचारलं, कोणी मारलं? भागीने आपला खांदा थोपटला. साहेबांना वाटलं, खांद्यावर कुऱ्हाड, म्हणजे लाकूड तोडणारा महिपत. आदल्याच दिवशी त्याचं मोतीरामशी भांडण झालेलं. त्याला धरून नेलं. मग त्याची बायको बयनाबाई रडत आपल्या अंगणात आली. भागीने ठाण्यात थोपटला होता तसाच खांदा थोपटून बयनाबाईने तिला विचारलं, "यानंच मारलं का वं माय?" भागीने मान डोलावली. गाव म्हणालं, बायकोच्या तोंडावर सांगते, आता खोटं कसं म्हणावं?

काका, महिपतची खूण ती नाही. त्याला ती मनगटावर तळहाताची धार मारून दाखवते. खांदा थोपटणं हे तुमचं नाव आहे. तापात तिचे कान गेले आणि तुम्ही तिला खांद्यावर बसवून बाजारात नेऊ लागलात, तेव्हापासूनचं. आई, मी आणि तुम्ही सोडून ते कुणाला ठाऊक नाही.

मी तिला पुन्हा विचारलं. चूक निघावी म्हणूनच विचारलं. महिपतची खूण केली, तर तिने हात झटकला: नाही. मग दोन्ही मुठींत बैलबंडीच्या कडेची उभारी, तो जाड दांडा, धरल्यासारखं केलं आणि वरून खाली आणली. डोळ्यापाशी बोट नेऊन पुढे केलं: पाहिलं. आणि लगेच विचारलं, काका कधी येणार? तुम्ही तिच्यावर रागावून गेलात, असं तिला वाटतं.

जयवंतामावशींनी तुमचा निरोप सांगितला. "तुया काका म्हनते, खांदा म्हंजे कुऱ्हाड, येवढंच सांग. मुकीचं कोनाले समजते?"

आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "तुले शाळेत घाला म्हनून तुया बापाशी तोच भांडला. आता त्याच शाळेच्या तोंडानं त्याले फासावर देशीन का?"

"आन् बयनाबाईनं काय करावं, आई?"

"मले नोको विचारू. शिकली तं तू हायेस."

मुकीचं कोणाला समजतं, हे तुम्ही बरोबर बोललात. मी काहीही म्हटलं तरी कोर्ट ते लिहून घेईल. भागी माझ्या ओठांकडे बघत उभी असेल. मी तिचं बोलणं फिरवते आहे, हे तिला कधीच कळणार नाही. काका, तिला आजपर्यंत कुणी काही विचारलंच नव्हतं. जेवलीस का, बकऱ्या आल्या का, एवढंच. आता विचारलं, आणि तिने खरं सांगितलं.

तिच्या सांगण्याने तुमचं काय होईल, तेही तिला सांगायला हवं. पण "तुझ्या बोलण्यामुळे" याला आमच्यात खूण नाही. मी हरतऱ्हेने करून पाहिली. तिला वाटलं मी नवा खेळ काढला. तीही माझ्यासारखे हात करून हसत बसली. मला तिच्यासमोरून उठून जावं लागलं.

वकिलांना मी नाव न घेता विचारलं. स्वतःहून हजर झालं, रागाच्या भरात एकच घाव बसला असं कबूल केलं, तर फाशी टळते, असं ते म्हणाले. आणि मग भागीला पिंजऱ्यात उभं राहावं लागणार नाही. मंगळवारी दुपारी आई आणि मी आदिलाबादच्या बसस्टँडवर थांबू. आईने यायचं कबूल केलंय. तुम्ही उतरलात तर ठाण्यापर्यंत आम्ही सोबत चालू. नाही आलात, तर दुसऱ्या दिवशी भागीला घेऊन जाईन, आणि तिचे हात जे म्हणतील तेच म्हणेन.

कोर्टाच्या कागदावर माझ्या नावापुढे दुभाषी असं लिहिलं आहे. ते बुधवारपासून.

मंगळवारपर्यंत तुमचीच,
विशाखा