मागच्या गाडीत कुणी बसणार नाही

अर्सलान,

छोटी गाडी मी घेऊन चाललेय, पार्किंगमध्ये शोधू नका. कशफ माझ्याबरोबर आहे. अल बर्शाला अन्वरीआपाकडे जातोय.

काल बॅग भरताना कशफ सहज बोलून गेली, "पापा सेड आय ओन्ली हॅव टू प्रेस द ब्रेक." मला काही कळेना. खोदून विचारलं तेव्हा समजलं, की मोटरहोमच्या मागे बांधलेल्या आपल्या या छोट्या गाडीत तुम्ही तिला स्टिअरिंगवर बसवणार होता. थेट हत्ताच्या डोंगरांपर्यंत. अकरा वर्षांची आहे ती. वर, "मम्मीला सांगू नकोस," असंही बजावलंत.

सकाळी मी गाड्यांच्या टेस्टिंग सेंटरला जाऊन आले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, ओढून न्यायच्या गाडीत कुणालाच बसवता येत नाही. शारजाच्या गॅरेजमध्ये लावून घेतलेला ओढायचा हुकही पास करून घेऊन मुलकियावर, म्हणजे गाडीच्या नोंदणी कार्डावर, नोंदवायला हवा, नाहीतर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले हात वर करतील. तुम्ही मला म्हणाला होता, "खलास, सगळं झालं." काहीच झालेलं नाही.

हत्ताची ट्रिप मी मोडत नाहीये. हुक पास होईपर्यंत मोटरहोम तुम्ही चालवा, छोटी गाडी मी तुमच्यामागून चालवत आणते. कशफ माझ्या शेजारी बसेल.

खिमा फ्रिजमध्ये आहे, गरम करून घ्या.

पापा रागावतील का, असं ती सारखं विचारतेय. मी नाही म्हटलंय. मला खोटं पाडू नका.

उमैमा