तळव्याचं म्हणणं

९ जानेवारी

प्रिय चिमणे,

दुखतंय म्हणायचीही ज्यांना चोरी, अशा तुम्ही सगळ्या पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या बायका! तोंडातून 'आई गं' निघालं की लगेच रडूबाई. तुम्हा सगळ्यांशी बोलायचं होतं, पण आज तुझ्या एकटीशीच बोलते.

आई बरी आहे. तुझे भावजी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात. कुंडीतल्या गुलाबाला कळी आलीय.

रविवारच्या निवडीआधी तुझा दुखरा पाय सुन्न करणारं इंजेक्शन द्यायचं कोचसरांनी ठरवलं, हे सांगताना फोनवर किती खूश होतीस! मी नुसतं 'बघू' म्हणाले. सभा गाजवणारी मी, आणि 'बघू'! तुला तेव्हाच शंका यायला हवी होती.

काल दुपारी डोळा लागला. मैदानभर धुकं, आणि तू धावत येतेयस. पाय जमिनीला लागतच नाहीत. लोक टाळ्या वाजवतायत, तू वर वर चाललीयस, आणि मी खालून ओरडतेय, "अगं, उतरणार कशावर?"

लांब उडीत फळीची कड आधी तळव्याला कळते. तो घोट्याला सांगतो, घोटा गुडघ्याला, मग तू उडतेस. म्हणून तर डोळे मिटून सराव करतेस ना? त्यालाच मुकं केलंस, तर पाय वाकडा पडतोय हे तुला कोण सांगेल?

मला कोणी सांगितलं नाही. गेल्या महिन्यातल्या सभेत मी तासभर गरजले. खाली उतरले तर व्यासपीठावर लाल ठसे. चपलेत खिळा वर आला होता. भावजी म्हणाले, "लोकांचं रक्त पितेस हे माहीत होतं, स्वतःचं सांडतेस हे नवीन!" हसलो दोघं. मग डॉक्टरीणबाईंनी तळव्याला बारीक तार टेकवून विचारलं, "कळतंय?" मी म्हटलं, "आधी टेकवा तरी!" त्यांनी बोटाने दाखवलं, तार टेकलेलीच होती. साखरेने नसा गेल्यात, चिमणे. परत यायच्या नाहीत. आता ढगावरून चालल्यासारखं वाटतं. ऐकायला छान, पण जिन्यात फार भीती वाटते.

आईला यातलं काही माहीत नाही.

तुझा पाय दुखतोय म्हणजे अजून तुझ्याशी बोलतोय. रविवार हुकला तर हुकू दे, दुसरी निवड येईल. पत्र खाली ठेव, कोचसरांना आत्ता फोन लाव आणि सांग, "इंजेक्शन घेणार नाही."

कठडा धरून उतरायला शिकत असलेली,
तुझी ताई