‘तू थांबतेस कधी’ या गाण्याबद्दल सासूबाईंना खुलासा

तीर्थरूप आईंना साष्टांग नमस्कार.

(‘आईंना’ लिहावं, ‘काकूंना’ लिहावं की नुसतं ‘महोदया’ म्हणून मोकळं व्हावं, या विचारात सकाळपासून बरेच कागद वाया गेले. घटस्फोटाच्या निकालात घर कुणाचं, कपाट कुणाचं, मिक्सर कुणाचा, हे सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे. पण सासूला यापुढे काय म्हणायचं याबद्दल न्यायाधीशांनी चकार शब्द काढलेला नाही. तेव्हा जुनंच चालू ठेवतो. हरकत असल्यास कळवावं.)

तुमचा गुडघा कसा आहे? बाबांचं कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं का, की आलंय आणि ते मुद्दाम घालत नाहीत? (घालू नये असंच माझं मत. आमचं गाणं बाबांनी अजून ऐकलेलं नाही, हे या प्रकरणातलं एकमेव समाधान आहे.) मी बरा आहे.

पत्रास कारण म्हणजे तुमचा व्हॉइस मेसेज. त्यात निम्मा वेळ तुम्ही हुंदके देत होतात आणि निम्मा वेळ बाबांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगत होतात, तरी आशय पोचला. आमचं गाणं ऐकून तुमची अशी समजूत झालेली दिसते की तुमची मुलगी आणि मी पुन्हा एकत्र आलो आहोत, आणि तुम्ही रविवारी मोठी बॅग घेऊन निघणार आहात. शिवाय ही बातमी तुम्ही चिमणीच्या मावशींच्या कानावर घातलीत. (चिमणी म्हणजे तुमची मुलगी. तिला तसं म्हणायचा हक्क आता मला नाही, पण तिचं पूर्ण नाव लिहायला घेतलं की कोर्टात पुकारा झाल्यासारखा मी उठून उभा राहतो.) मावशींच्या कानावर गेलेली गोष्ट कुठवर जाते ते तुम्ही जाणताच. काल इस्त्रीवाल्याने माझं अभिनंदन केलं आणि आता कपडे वाढतील का म्हणून विचारलं. म्हणून हा खुलासा. आमच्यात तसलं काही नाही. जे झालं ते असं.

माझा धंदा तुमच्या घरात कुणाला नीट कळलेला नाही. बाबा अजून ‘जावई टेलिफोनात आहे’ असं सांगतात (‘आहे’चं ‘होता’ करायला सांगावं). तर, तुम्ही बँकेला किंवा गॅसवाल्यांना फोन केल्यावर ‘कृपया प्रतीक्षा करा’ झालं की जे पिरीपिरी वाजत राहतं, ते मी बनवतो. लाखो लोक माझं संगीत ऐकतात आणि त्यातला एकही स्वखुशीने ऐकत नाही. त्यामुळे एका निर्मात्याने खऱ्याखुऱ्या गाण्याला चाल लावायला बोलावलं तेव्हा मी चप्पल शोधत न बसता निघालो. ऑफिस टायरच्या दुकानावर. जिन्याला रबराचा वास. निर्माते पूर्वी गाद्या बनवत, आणि त्यांची संगीताची जाणही तिथूनच आलेली. गाणं कसं, अंग टाकल्याबरोबर कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांना दोघांनी गायचं विरहगीत हवं होतं, मात्र फार रडवणारं नको. गाडीत ऐकणाऱ्याला वेळेवर ब्रेक मारता आला पाहिजे. पुरुषाच्या आवाजाला पोरींच्या गळ्यातला ताईत असलेला एक तरुण गायक ठरला होता. बाईचा आवाज नवीन होता. ‘आत बसल्यात, भेटून घ्या,’ असं म्हणून त्यांनी दार दाखवलं. मी दार उघडलं, तर कानाला हेडफोन लावून, चपला कोपऱ्यात काढून (ती अनवाणीच गाते, तुम्हाला माहीत आहे) तुमची कन्या!

“तू?” मी म्हटलं.

“तू इथे काय करतोयस?”

“चाल माझी आहे.”

“तरीच,” ती म्हणाली. “ऐकताना सारखी गॅसवाल्यांची आठवण येत होती.”

पण आम्ही दोघंही समजूतदार माणसं आहोत. आपण कामापुरतं बोलायचं, गाण्याबाहेरचा विषय काढायचा नाही, असं ठरलं. पहिल्या दिवशी तर आम्ही अहो-जाहो करत होतो. ‘मॅडम, दुसरी ओळ जरा वर घ्या.’ ‘सर, कशी घेणार? तिथे श्वासाला जागाच ठेवलेली नाहीये तुम्ही.’ काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारे काका होते. ते चहात बिस्किट बुडवून आमच्याकडे आळीपाळीने बघत राहायचे आणि बिस्किट चहात पडायचं.

गाडी अडली ती शब्दांवर. कवीने प्रत्येक ओळीत चंद्र घातला होता. चिमणीने दोन कडवी कशीबशी म्हटली आणि कागद खाली ठेवला. “हे लिहिणाऱ्याला कुणी सोडून गेलेलं नाही,” ती म्हणाली. “माणूस गेल्यावर चंद्रबिंद्र आठवत नाही. पलंगावर ओला टॉवेल पडलेला नाही, हे आठवतं.” मी साधं विचारलं, कुणाचा टॉवेल? ती म्हणाली, कुणाचाही. आता आई, तुम्हीच सांगा, पलंगावर टॉवेल टाकणारी किती माणसं तिच्या आयुष्यात आली? झालं. टॉवेलावरून आम्ही पॅसेजमधल्या दिव्यावर आलो, दिव्यावरून तिचं वाक्य मी मधेच पुरं करतो यावर, आणि तिथून तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी थर्मास घेऊन भलत्याच हॉस्पिटलात जाऊन बसलो होतो त्यावर. (त्या हॉस्पिटलातही एका बाईंचा गुडघाच होता. त्यांनी चहा घेतला. चांगला झालाय म्हणाल्या.) ती बोलतच होती. शेवटी मी ओरडलो, “तू थांबतेस कधी?” तीही तेवढ्याच जोरात ओरडली, “तू ऐकतोस कधी?”

तेवढ्यात आमच्या हेडफोनमधून काकांचा आवाज आला. माइक चालूच राहिला होता.

“मुखडा चांगलाय,” काका म्हणाले. “परत एकदा भांडा. फक्त तालात.”

अशा रीतीने ते गाणं झालं. टॉवेल, दिवा, अर्धं रिकामं कपाट, सगळं त्यात आलं. थर्मास तेवढा मी विनंती करून काढायला लावला. तरुण गायक आला, त्याने शब्द वाचले आणि आपण पलंगावर ओला टॉवेल टाकतो हे आपल्या चाहत्या सहन करणार नाहीत, असं सांगून निघून गेला. त्याच्यासाठी नमुना म्हणून मी गाऊन ठेवलं होतं, तेही नाक पूर्ण चोंदलेलं असताना. निर्मात्यांनी ते जुन्या सवयीने सोफ्यावर आडवं होऊन ऐकलं, उठले ते डोळे पुसत. म्हणाले, हा माणूस आतून खचलाय. मी म्हटलं, साहेब, सर्दी आहे. ते म्हणाले, लोकांना काय कळतंय?

आणि आई, घोळ झाला तो इथेच. ‘तू थांबतेस कधी’ याचा अर्थ ‘तुझी टकळी कधी थांबणार’ एवढाच आहे. पण चाल संथ, मागे व्हायोलिनं, त्यात माझं नाक. लोकांना ऐकू आलं की बिचारा नवरा विनवतोय, ‘जाऊ नकोस, थांब.’ तुम्हालाही तेच ऐकू आलं. एका क्रियापदाने माझा घात केला.

सुरुवातीला गाणं फक्त नातेवाइकांनी ऐकलं, आणि तेही अर्धंच. मग काय झालं कळलं नाही, एकदम जिकडे तिकडे तेच. न्हाव्याने माझ्या गळ्याला वस्तरा लावला असताना माझा आवाज ओळखला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. इतका स्थिर मी आयुष्यात कधी बसलेलो नाही. एका लग्नात नवरा-नवरी आमच्या गाण्यावर हॉलमध्ये शिरली. नवी कोरी जोडी, आणि मागे आम्ही अर्ध्या रिकाम्या कपाटाबद्दल गातोय! वधूपित्याने मला मिठी मारली ती सुटेना. पुढे एका विवाह मंडळाच्या उद्घाटनाला आम्हाला दोघांना एकाच सोफ्यावर बसवलं. निवेदिकेने चिमणीला विचारलं, तुमच्या सुखी संसाराचं रहस्य काय? चिमणी म्हणाली, “घटस्फोट.” सभागृह हसून हसून लोटपोट झालं. खरं बोलायची सोयच राहिली नाही.

मग आम्ही दोघांनी गायलेला तो दुपारचा कार्यक्रम. तुमच्यापर्यंत काहीबाही पोचलं असणार, म्हणून खरं ते सांगतो. शेवटच्या कडव्याला वीज गेली. माइक बंद, दिवे बंद, दारांच्या फटींतून येईल तेवढाच उजेड. मी थांबलो. ती थांबली नाही. ती मंचाच्या अगदी कडेला गेली आणि तशीच गात राहिली. आई, तुमच्या मुलीचा आवाज मी हेडफोनमधून ऐकलाय, स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून ऐकलाय. पण मोकळा, मधे काही नसताना, कधी ऐकलाच नव्हता. माझी ओळ आली आणि मी गायलाच विसरलो. मग पुढच्या रांगेतल्या कुणीतरी ती ओळ उचलली, त्याच्यामागून सगळं सभागृह त्या अंधारात तिला विचारायला लागलं, तू थांबतेस कधी. ती वळून माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. (मंचावर धूळ फार होती. मी ठीक होतो.)

नंतर मागच्या कँटीनमध्ये कागदी कपातला चहा घेत बसलो. कामाचं बोलायला, दुसरं काही नाही.

“आज मधे गायला नाहीस,” ती म्हणाली.

“ऐकत होतो.”

तिने कपाची कड नखाने उलगडली. मग म्हणाली, “मी कधीकधी गॅसवाल्यांना फोन लावते.”

“सिलिंडर मिळत नाही?”

“सिलिंडर आहे. तुझी चाल लागते. माणूस बोलायला लागला की ठेवून देते.”

माझं संगीत आपणहून ऐकणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं. मी विचारलं, “कुठली चाल? जुनी की नवी?” (प्रश्न धंद्यातला होता, हे तुम्ही मान्य कराल.) ती इतकी हसली की चहा नाकात गेला.

“जुनी. नवीत तुझं लक्ष नव्हतं.”

खरं होतं. नवी चाल ती घर सोडून गेली त्या दिवसांतली. हे गॅसवाल्यांनाही कळलं नव्हतं.

बस, एवढंच. चहा संपला, ती तिच्या वाटेने गेली, मी माझ्या. (दोन्ही वाटा पुलापर्यंत एकच आहेत, त्याला मी काय करणार?) आता मावशींच्या मैत्रिणीने चिमणीला माझ्या गॅलरीत पाहिलं म्हणे. शक्य आहे. कुंड्या निकालात तिच्या वाट्याला आल्या आहेत, पण तिच्याकडे ऊन नाही, तेव्हा पाणी घालायला ती येते. सकाळी ऊन कोवळं असतं म्हणून सकाळी लवकर येते. चहाच्या वेळी माणूस दारात आलं तर चहा विचारावा लागतो, ही साधी माणुसकी झाली.

तेव्हा कृपया गैरसमज नसावा आणि रविवारी येण्याची तसदी घेऊ नये. बाबांना सा. न.

आपला एके काळचा जावई

ता. क. आई, आता कात्री घ्या. वरचं पत्र तुमच्यासाठी नाही, मावशींसाठी आहे. परवा आम्ही नोंदणी कार्यालयात जाऊन पुन्हा लग्न केलं. साक्षीदार म्हणून रेकॉर्डिंगवाले काका होते. सही झाल्यावर रेकॉर्डिंगच्या सवयीने म्हणाले, एक टेक सेफ्टीसाठी अजून करून ठेवू या का? पण निर्मात्यांनी दुसरं विरहगीत जाहीर केलंय, आणि ते येईपर्यंत आम्ही सुखी असल्याचा सुगावा कुणाला लागता कामा नये, अशी त्यांची अट आहे. तेव्हा माझ्या सहीखाली सरळ रेषेत कापा आणि वरचा भाग मावशींना ‘कुणाला सांगू नकोस’ असं बजावून वाचायला द्या. संध्याकाळपर्यंत आम्ही विभक्त असल्याचं सगळ्या जगाला माहीत होईल. रविवारी अवश्य या. मोठी बॅगच आणा. फक्त मागच्या जिन्याने या.

ता. क. (हे अक्षर माझं, चिमणीचं.) आई, याने मला पत्र वाचून दाखवलं. मंचावर धूळबीळ काही नव्हती. रडत होता तो. वीज आली तेव्हा शर्टच्या बाहीने नाक पुसताना पहिल्या रांगेने पाहिलंय. एवढा तुकडा वेगळा कापून जपून ठेव. दुसरं गाणं आलं की मावशीला मी स्वतः नेऊन देणार आहे.