शेवटच्या रांगेतला रुमाल

यॉंकर्स,
३ मार्च १९७२

चि. लिओनास,
सेल्मामावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझा चहा गार झाला. ब्रॉडवेवर पहिली मोठी भूमिका मिळाली, आणि तू छातीवर मायक्रोफोन लावून गाणार! तुझी आई गेल्यावर मी तुला वाढवलं ते याच्यासाठी? दर रविवारी इथल्या जुन्या, रिकाम्या नाट्यगृहात बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत बसून मी तुझं गाणं ऐकत होते. शब्द पोचला की रुमाल वर करायचे, नाही तर पुन्हा म्हणायला लावायचे. तुझा एक शब्द वाया जात नव्हता, आणि आता तुझं काम ती मायक्रोफोनची पेटी करणार.

अशा नाटकाला मी येणार नाही. तिकीट दुसऱ्या कुणाला दे. गळ्याला जप, लोकर गुंडाळ.

तुझी,
सेल्मामावशी

---

न्यूयॉर्क,
९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे डोकं आपटावं की भिंतीवर, ते मला कळेनासं झालंय. अगं, खाली वाद्यवृंदात आता विजेची गिटार आहे, दोन ढोलवाले आहेत. त्यांच्यावरून ओरडून गायले तर आठवड्याला आठ प्रयोग हा गळा सोसणार नाही. गाणी असलेल्या आम्हा पाचही जणांना मायक्रोफोन आहे. साबणाच्या वडीएवढी पेटी कमरेला बांधतात. घामाने ती चावते, ते दुःख वेगळंच.

आणि आजोबांचं काय? चुन्याची कांडी तापवून रंगमंचावर झोत टाकायचं त्यांचं काम. नाट्यगृहात विजेचे झोत आले तेव्हा ते दोन महिने कुणाशी बोलले नाहीत, आणि तू त्यांच्या नकला करून सगळ्या नटांना हसवायचीस. हे मला तूच सांगितलंयस. आता तुझी नक्कल मी करू का?

शनिवार, अठरा तारखेचं तिकीट सोबत आहे. शेवटची रांगच घेतलीय. तू आली नाहीस तर ही भूमिका मिळूनही मला मिळाल्यासारखी वाटणार नाही.

तुझी हट्टी,
लिओना

---

न्यूयॉर्क,
२१ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आलीस, आणि न भेटताच बस पकडून गेलीस! धन्य आहे तुझी.

आता खरं सांगते. दुसऱ्या अंकातल्या माझ्या गाण्याआधी मी पेटीचं बटण बंद केलं होतं. तुझ्यासाठी. संपूर्ण गाणं नुसत्या गळ्यावर म्हटलं. ध्वनियंत्रणा सांभाळणारा वेंडल मागे येऊन इतका तडकला की वेशभूषेच्या बायका पांगल्या. व्यवस्थापकांनी बजावलंय की पुन्हा असं झालं तर माझ्या जागी बदली मुलगी उभी राहील. पण मी बाल्कनीत तुझा रुमाल वर गेलेला पाहिला. त्यापुढे मला कुणाच्या ओरडण्याचं काही वाटलं नाही.

शब्द न् शब्द पोचला ना? खरंखरं कळव.

तुझी,
लिओना

---

यॉंकर्स,
२४ मार्च

चि. लिओनास,
अनेक आशीर्वाद.

मूर्ख मुली! नोकरी घालवायला निघाली होतीस?

पहिल्या अंकात तुम्हा पाचही जणांचं मला स्वच्छ ऐकू आलं, खोकलासुद्धा. मी हरखून गेले. मग दुसऱ्या अंकात तू गायला पुढे आलीस, तोंड उघडलंस, आणि काहीच नाही. माझे कान तिथेच कायमचे गेले असं वाटलं. बसमध्ये मी रडत होते. तुला भेटायला थांबले असते तर तू गाण्याबद्दल विचारलं असतंस. मी काय सांगणार होते?

चार वर्षं झाली, लिओना, त्या शेवटच्या रांगेत मला तुझं काही ऐकू येत नाही. तुझ्या बरगड्या फुगलेल्या दिसल्या की मी रुमाल वर करायचे; शनिवारीही तेच केलं. तू श्वास बरोबर घेतलास म्हणजे शब्द पोचलाच असणार, एवढा माझा तुझ्यावर विश्वास. तुझ्या नाटकाला यायचंच नव्हतं, कारण माझं पितळ उघडं पडलं असतं. शिव्या बिचाऱ्या मायक्रोफोनला घातल्या.

माझ्या वडिलांच्या नकला मी करायला नको होत्या.

बुधवारच्या दुपारच्या खेळाचं तिकीट मी स्वतः काढलंय. वेंडलला सांग, बटणावर चिकटपट्टी लाव म्हणावं. रुमाल आणणार आहे, पण या वेळी ऐकू आल्याशिवाय वर करणार नाही.

तुझी बहिरी,
सेल्मामावशी