सातवा माळा

मंगळवार संध्याकाळ, मुलुंड

पुनर्वसनाच्या सभेत आज माझं भान सुटलं. मासळी विकणाऱ्या कुंदाताईंनी माझ्या अभ्यासासाठीच्या मुलाखतीत विश्वासाने सांगितलेलं सगळं बोलून गेले. लिफ्ट बंद, सातव्या माळ्यावर टोपली चढवणार कशी, म्हणून त्यांनी पुनर्वसनात मिळालेली सरकारी खोली नियम मोडून भाड्याने दिली. नाव तेवढं बदललं. अधिकारी पहिल्या रांगेतच होते.

सभेतलं कानावर गेल्यावर आत्ता कुंदाताईंचा फोन आला. "बाय, सातव्या माळ्यावर मासळीवाली मी एकटीच ना गो? खोली काढून घेतील काय?"

"नाही हो," म्हटलं. कशाच्या जोरावर? सातवा माळा कशाला बोलले मी? त्याशिवाय धोरण चुकलंय हे पटलं नसतं?

अधिकाऱ्यांना जाऊन सांगू, ती बाई म्हणजे कुंदाताई नव्हेत? मग तर नाव मीच दिल्यासारखं, ते उद्याच त्यांच्या खोलीचं दार ठोठावतील.