थप्पीखालचा टिल्लू

४ जानेवारी
आज सोफा फाडला! लेक स्वराज बदली घेऊन पुण्याला मोकळा, आणि त्याचा टिल्लू आमच्या गळ्यात. वीतभर कुत्रा, पण घर डोक्यावर घेतो. भुंकण्याबद्दल सोसायटीचं पत्रही आलं. ह्यांना मात्र कौतुक! सानपाड्याच्या या दोन खोल्यांत दोघंही कोंडलेले — एक कुत्रा, एक माथाडी टोळीचा रिटायर झालेला मुकादम.

७ जानेवारी
जनावरांच्या डॉक्टर राजेश्वरी म्हणाल्या, "जॅक रसेल आहे हा, शोभेचा नाही. बिळात शिरून कोल्हे, उंदीर हुसकवायला पोसलेली जात. याला काम द्या. पण लक्ष ठेवा, आत शिरला की तासन्‌तास बाहेर येत नाही."
मीच ह्यांना म्हटलं, पलीकडच्या तुमच्या धान्य मार्केटात न्या. दोघांनाही काम मिळेल.

१२ जानेवारी, रविवार
मार्केट बंद, गाळ्याची चावी ह्यांच्याकडे. सकाळभरात सात उंदीर! "अगं, मान धरून एकच झटका. खात न्हाय, लगेच दुसऱ्यामागं. आमच्या टोळीत असा गडी न्हवता!" अँजिओप्लास्टीनंतर आज पहिल्यांदा दोन भाकऱ्या खाल्ल्या. इतकं बरं वाटलं मला!

२२ जानेवारी
हे गेले. रविवारी.
अकराला फोन आला होता — "टिल्लू पोत्यांच्या थप्पीखाली शिरलाय, येईना. थप्पी उतरवतो." मी म्हटलं, अहो, वजन उचलायचं नाही, टोळीला बोलवा. "सुट्टीच्या दिवशी कुनाला बोलवू? आमच्या टोळीनं लावलेली थप्पी मुकादम न्हाय उतरवनार तर कोन?"
खालचं पोतं ओढलं तर वरचा ढीग कुत्र्यावर कोसळणार. म्हणून वरून एकेक पोतं. एकट्यानं. दोन वाजता वॉचमनला दिसले — शेवटच्या थरापाशी पडलेले.

२४ जानेवारी
स्वराज विचारत होता, "आई, टिल्लू बाहेर आला कधी?"
माहीत नाही म्हटलं.

३१ जानेवारी
तेरावा झाला. इथे तरी खरं लिहिते. टिल्लू साडेअकरालाच दारात उभा होता. गाळ्याच्या मागच्या मोरीतून निसटून आलेला, चिखलानं माखलेला. मला वाटलं, हे मागून येत असतील. फोन हाताशीच होता. मी आधी त्याला आंघोळ घातली.