कायमचं पुसायचं का?

४ फेब्रुवारी, सोमवार

बसवली! त्याच्याच खुर्चीवर बसवली. साहेबांना अख्ख्या नोंद विभागात दुसरी जागा दिसली नाही.

मास्तर जाऊन तीन महिनेसुद्धा झाले नाहीत. आमच्या रुग्णालयाच्या कार्यालयात कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यांना त्यानेच शिकवलं, म्हणून मास्तर. आता त्याच्या जागेवर त्याची बायको लागली. ऑफिसने अर्ध्या तासात नाव पाडलं — मास्तरीणबाई. आणि मास्तरीणबाईंना यंत्र सुरू कुठून होतं तेही माहीत नाही!

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही सगळ्यांत जुन्या. फायली ठेवणं, शोधणं, नाव देणं — एवढं दोन महिन्यांत शिकवा. मग परीक्षा घेतो. जमलं तर राहतील, नाहीतर खाली धुलाईत पाठवू."

हो म्हटलं. मनात काही वाईट नव्हतं. खरंच नव्हतं.

५ फेब्रुवारी

माउस उचलून पडद्याला टेकवला तिने! पलीकडच्या टेबलांवर हसून हसून पुरेवाट. मी हसले नाही. हात धरून शिकवलं. हात खरखरीत आहेत.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

डबा खायला माझ्या टेबलाशी आली. मी काही विचारलं नव्हतं. स्वतःच म्हणाली, "घरी तुमच्याबद्दल बोलायचे हे."

"काय बोलायचे?"

"म्हणायचे, त्या बाई मठ्ठ आहेत बिचाऱ्या. एकच गोष्ट रोज विचारतात. कीव येते म्हणून सांगतो झालं."

आणि पुढचा घास घेतला. शांतपणे.

मला सगळं येत होतं. पहिल्या आठवड्यातच आलं होतं. अकरा वर्षं रोज साडेअकराला मी हाक मारायचे — मास्तर, ही फाईल कुठे गेली हो? तो यायचा. माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकायचा. खिशातलं पेन खांद्याला लागायचं. बस, तेवढंच. त्यापलीकडे कधी काही नाही. ना त्याच्याकडून, ना माझ्याकडून.

कीव!

११ फेब्रुवारी, सोमवार

आज तिला सांगितलं — यंत्राने विचारलं, या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? तर बिनधास्त 'हो' म्हणायचं. यंत्र शहाणं असतं.

दोन दिवसांची गावोगावची यादी एका झटक्यात गेली. बिचारी विचारते कशी, "माझं काय चुकलं हो, बाई?"

"काही नाही. होतं असं नवीन माणसाचं."

माझ्याकडे दुसरी प्रत होती. मी ती सगळ्यांसमोर काढून दिली. साहेब म्हणाले, "बाई आहेत म्हणून चाललंय."

१३ फेब्रुवारी

घरी थोरली बहीण, अक्का, म्हणाली, "हल्ली भांडी घासताना गुणगुणतेस की गं!" मला कळलंसुद्धा नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

पडद्याच्या कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं. तिने विचारलं, "ही पेटी कसली?"

तोंडातून निघून गेलं — "ते दप्तर."

मग काय, पुढचं आपोआप सुचत गेलं. म्हटलं, दिवसभरात आलेलं जे जे पडद्यावर असेल ते संध्याकाळी या पेटीत टाकायचं. म्हणजे दप्तरी दाखल झालं. पडदा रोज कोरा करूनच घरी जायचं. आणि एकदा दाखल झालेलं पुन्हा उघडायचं नाही — नियम आहे.

तिने मान डोलावली. वहीत लिहून घेतलं. पेटीचं चित्रसुद्धा काढलं, झाकणासकट!

१६ फेब्रुवारी, शनिवार

शनिवारी एकला सुटतो आपण. ती पळाली. तिचा पासवर्ड मीच तर ठरवून दिलाय. उघडलं. डब्यात एकोणीस फायली. रिकामा केला.

यंत्र विचारतं — कायमचं पुसायचं का? किती सभ्यपणे विचारतं!

१९ फेब्रुवारी

सिस्टर तिच्यावर ओरडल्या. सिस्टर म्हणजे आमच्या बालविभागाच्या. नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतात, तो लॅबला जातो, लॅबचे रिपोर्ट आमच्या विभागात येतात. ते सिस्टरांच्या फोल्डरमध्ये घालायचे. त्या बघतात आणि ज्या बाळाचं काही निघालं असेल त्याच्या घरी फोन करतात.

"सोमवारचे रिपोर्ट कुठायत?"

"दप्तरी दाखल केले," ही म्हणाली. छाती काढून!

सगळे हसले. दप्तरी दाखल म्हणजे काय हे कुणी विचारलंच नाही. सिस्टरांनी लॅबला सांगून परत मागवले. सगळी बाळं ठणठणीत होती.

आज थांबायला हवं होतं. हे लिहून ठेवते.

२० फेब्रुवारी

नाही थांबणार. सकाळी तिने टेबलाचा खण साफ केला आणि मास्तरचा चष्मा सापडला. "घरी दुसरा आहे," म्हणाली आणि रद्दीबरोबर टाकला. माझ्यादेखत!

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

सिस्टर रजेवर. रिपोर्ट पडद्यावरच पडून. संध्याकाळी मास्तरीणबाईंनी पडदा कोरा केला आणि माझ्याकडे बघून हसली. शाबासकी हवी होती. दिली.

२३ फेब्रुवारी, शनिवार

सत्तावीस. नावं वाचली नाहीत. रिकामा केला.

१४ मार्च, गुरुवार

लॅबमधून फोन — ते बाळ परत तपासणीला का आलं नाही? सिस्टर म्हणाल्या, कुठलं बाळ?

मुलगी. तेरा फेब्रुवारीचा जन्म. गळ्यात थायरॉईडची ग्रंथीच नाही. रोज एक गोळी, दुधात विरघळवून — एवढाच उपाय. पण पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवी, नाहीतर बुद्धी वाढत नाही. आज ती एका महिन्याची आहे.

गाडी पाठवून मायलेकींना आणलं. गोळी सुरू झाली. बाळाची आई साहेबांना एकच विचारत होती, "पण आता ठीक होईल ना?" साहेब डॉक्टर आहेत, त्यांना खोटं बोलता आलं असतं. म्हणाले, "किती नुकसान झालं ते ती बोलायला लागेल तेव्हा कळेल."

बाळ रडत नव्हतं. एकदासुद्धा रडलं नाही. असली बाळं फार रडत नाहीत, सिस्टर म्हणाल्या. घरच्यांना वाटतं, किती गुणी आहे.

१५ मार्च, शुक्रवार

चौकशी. साहेब, सिस्टर, मी, ती.

"रिपोर्ट आला होता. लॅबकडे नोंद आहे. कुठे गेला?"

"दप्तरात टाकला."

"कुठल्या दप्तरात?"

तिने वळून पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यावर बोट ठेवलं. मग साहेब हळूच म्हणाले, "अहो, तो केराचा डबा आहे."

"बाईंनीच सांगितलं तसं," ती म्हणाली. वही पुढे केली. "हे बघा, लिहून घेतलंय."

वहीतलं अक्षर तिचं. माझं कुठे काही नाही.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "साहेब, असं कुणी शिकवेल का?"

एवढंच. सिस्टर फिसकन हसल्या. साहेबही हसले — त्या खोलीत, त्या दिवशी! ती तेवढी हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आवाज होत नाही.

१६ मार्च

नावं वाचली होती. त्या शनिवारी. एका फाईलच्या नावापुढे लॅबवाल्यांनी 'तातडीचे' असं लिहिलं होतं. वाचलं आणि म्हटलं, सोमवारी बोंब होईल, सिस्टर तिची हजेरी घेतील, मजा येईल. सोमवारी बोंब झाली नाही. सिस्टरांना वाटलं, शुक्रवारी काही आलंच नसेल. मी वाट बघितली. मग विसरले.

विसरले! इथेही खोटंच लिहितेय. विसरले नव्हते.

१८ मार्च, सोमवार

तिला धुलाईत पाठवलं. परीक्षेची गरजच उरली नाही. मास्तरची खुर्ची रिकामी झाली. हेच हवं होतं ना? साडेअकराला तिकडे बघवेना.

२० मार्च, बुधवार

चार्ज दिल्याच्या कागदावर तिची सही राहिली होती. शिपायाला पाठवता आलं असतं. मीच गेले. तळघरात वाफ, कपड्यांचे ढिगारे, सोड्याचा वास. ती चादरी पिळत होती. हात पुसून सही केली. तारीख बरोबर घातली.

म्हटलं, निघावं. ती म्हणाली, "खोटं तुम्ही एकट्याच नाही बोललात."

"म्हणजे?"

"ते तुम्हाला मठ्ठ कधी म्हणालेच नाहीत. म्हणायचे, त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त येतं. ती रोज मुद्दाम विचारते आणि मी रोज मुद्दाम सांगायला जातो. जेवताना सांगायचे, हसत. मी वाढत असायचे. अकरा वर्षं ऐकलं मी, बाई. मग इथे आले आणि तुम्हाला बघितलं. कोण अप्सरा असेल असं वाटलं होतं! तुम्ही अशा... साध्या. जिभेवर आलं ते बोलून टाकलं. तुमचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं."

"बघितलंत?"

"बघितलं. बरं वाटलं. दोन दिवस."

तिने दुसरी चादर ओढली. एक टोक तिच्या हातात, दुसरं जमिनीवर लोळत होतं. मी ते उचललं नाही. पिळता पिळता म्हणाली, "तुमचं-माझं होतं ते आपल्यात ठेवायचं. त्यात ते लेकरू कुठून आणलंत?"

लिहायलाच हवं — मला आधी आनंद झाला. रोज मुद्दाम सांगायला जातो! दोन मजले तो आनंद माझ्याबरोबर जिना चढला. लेकराची आठवण वर पोचल्यावर आली.

२१ मार्च, गुरुवार

साहेबांना लेखी दिलं. पेटी, शनिवार, पासवर्ड, सगळं.

त्यांनी पूर्ण वाचलं. दार लावून घेतलं. "बाई, अहवाल परवाच वर गेला. त्यावर माझी सही आहे. तुमचं मन तुम्हाला खातंय म्हणून मी खोटा ठरू?"

"पण ती निर्दोष आहे."

"ती इथे नाहीतरी टिकली नसती." कागदाची घडी घातली, फाडला. पुन्हा घडी, पुन्हा फाडला. तुकडे स्वतःच्या खिशात. "आणि हो, पुढच्या महिन्यापासून चारही विभागांना तुम्हीच शिकवायचं. मी शिफारस केली आहे."

अक्काला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली. देठं बाजूला करत म्हणाली, "तू हे मला का सांगितलंस?"

२२ मार्च

खाली गेले होते. मास्तरीणबाईंना म्हटलं, साहेबांनी ऐकलं नाही. म्हणाली, "मला काय सांगता? माझं काय गेलं? नोकरी आहे, पगार तेवढाच आहे. ज्यांचं गेलं त्यांना सांगा." आणि चादरी घेऊन आत गेली.

त्यांना? त्यांना कसं सांगणार?

२३ मार्च, शनिवार

बाळाची आई गोळ्या न्यायला आली होती. बाकावर तिच्याशेजारी बसले आणि सांगितलं. तारीख, वार, फाईलचं नाव, कुठलं बटण, कुणी दाबलं. का दाबलं तेही. तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग माझ्या खिशातलं पेन काढून माझ्याच हातात दिलं.

"हे असंच लिहून द्या."

दिलं. खाली पूर्ण नाव घालून सही केली.